चिंग फौजेचे प्लास्टिकचे शिपाई: वाचकांचे प्रश्न

या महिन्यातली बरीच पत्रं चीनच्या शेवटच्या राजवटीच्या, म्हणजे चिंग काळातल्या (१६४४–१९१२) प्लास्टिकच्या शिपायांबद्दल आहेत. निम्म्या प्रश्नांचं मूळ एकच आहे: कुठल्या वर्षीचा शिपाई हवा हे न ठरवता केलेली खरेदी. म्हणून तो प्रश्न आधी घेतला आहे आणि त्याला जागाही जास्त दिली आहे.

प्रश्न: 'चायनीज सोल्जर्स' एवढंच लिहिलेली चाळीस नगांची पिशवी मिळाली. काही चिलखतात आहेत, काही टोकदार टोपीत, काही डोक्याला फडकं बांधलेले, तर थोड्यांना चक्क पुढे झाप असलेली लष्करी टोपी आहे. पहिलं अफूचं युद्ध मांडायला हे सगळे चालतील का? (नाशिक)

सगळे नाही. पिशवीत एकमेकांशी कधीच गाठ न पडलेल्या किमान तीन पिढ्या आहेत. तीन गोष्टी पाहून नग वेगळे करा: डोकं, बंदूक आणि छाती.

खिळे ठोकल्यासारखं दिसणारं लांब चिलखत आणि तुरा लावलेलं शिरस्त्राण हे मांचूंच्या, म्हणजे चिंग राज्यकर्त्यांच्या जमातीच्या, आठ निशाणांच्या फौजेचं. एकोणिसाव्या शतकात ते समारंभापुरतं आणि तपासणीपुरतं उरलं होतं. खेळणी करणाऱ्यांना ते फार आवडतं, त्यामुळे १८४२ काय आणि १९०० काय, प्रत्येक संचात चिलखतवाले दोन-चार घुसवलेले असतात. हे नग सतराव्या-अठराव्या शतकाच्या मांडणीसाठी बाजूला ठेवा.

ब्रिटनशी झालेल्या पहिल्या अफूच्या युद्धात (१८३९–४२) शिपायाच्या अंगात लांब झगा, त्यावर बिनबाह्यांचं किंवा आखूड बाह्यांचं जाकीट आणि डोक्यावर शंकूच्या आकाराची वेताची टोपी किंवा फडकं. बंदूक तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने उडणारी. चिनी तोड्याच्या बंदुकीचा दस्ता आखूड आणि वाकडा, पिस्तुलाच्या मुठीसारखा असतो. तो खांद्याला टेकवता येत नाही, म्हणून शिपाई ती गालाजवळ किंवा कमरेशी धरतो. तुमच्या नगाने रुंद दस्ता खांद्यात रुतवून नेम धरला असेल, तर तो १८४२ चा नाही. चिंग राजवटीविरुद्धच्या थायफिंग बंडाच्या शेवटच्या वर्षांत (१८६२–६४) ली होंगचांगच्या ह्वाय फौजेने शांघायच्या आसपास पाश्चात्त्य बंदुका उचलल्या. तशा बंदुकीचा आणि चिनी पोशाखातला शिपाई तिथपासून पुढे बसतो.

छातीवर आणि पाठीवर गोल असेल तर त्यातलं चिनी अक्षर भिंगातून पाहा. '兵' हे हिरव्या निशाणाच्या, म्हणजे सरकारी कायम फौजेच्या शिपायाचं. '勇' हे श्यांग, ह्वाय अशा प्रांतातून उभ्या केलेल्या भरतीच्या फौजांचं. या फौजा १८५० नंतरच्या आहेत, त्यामुळे '勇' कोरलेल्या नगाला १८५० नंतरची मांडणीच जास्त शोभते. बऱ्याच नगांवर गोल कोराच असतो, तेव्हा अक्षर तुमच्या हातात असतं.

झापाची टोपी, चामडी पट्टा आणि खांद्यावर पट्ट्या असलेले नग १९०१ नंतरच्या सुधारणांतून घडलेल्या 'नव्या फौजे'चे. १० ऑक्टोबर १९११ ला वुचांगमध्ये उठाव केला तो याच फौजेतल्या तुकड्यांनी. परकीयांविरुद्ध झालेल्या १९०० च्या बॉक्सर उठावाच्या मांडणीतही त्यांना जागा नाही. तिथे लागतो दरबाराच्या वुवेई फौजेचा शिपाई: फडकं किंवा गवती टोपी, गडद जाकीट आणि हातात माउझर रायफल. न्ये शिचेंग आणि युआन शिखाय यांच्या तुकड्या जर्मन पद्धतीने कवायत शिकलेल्या होत्या, त्यामुळे एका रांगेत, एकाच ढबीत गोळी झाडणारे नग तिथे शोभतात. तोंग फूश्यांगच्या कान्सू प्रांतातल्या शिपायांसाठी मात्र भाले, तलवारी, रायफली अशी सरमिसळ ठेवा.

नवीन खरेदी करायची तर १९०० हे साल सगळ्यांत सोयीचं. युक्रेनच्या रेडबॉक्सने १/७२ मध्ये (म्हणजे खऱ्या मापाच्या बहात्तराव्या भागात) आणि अमेरिकेच्या आर्मीज इन प्लास्टिकने ५४ मिलिमीटरमध्ये बॉक्सर उठावाचे संच काढले आहेत. १८३९–४२ साठी तयार प्लास्टिक फारच थोडं, तिथे कापाकापी करावीच लागते.

प्रश्न: १/७२ च्या शिपायांना घरात शिल्लक असलेला ऑइल पेंट दिला. महिनाभरात भाल्यांवरचा आणि वेण्यांवरचा रंग पोपडे धरून सुटला. काही नगांवर तर तो अजून चिकट आहे. प्राइमर चुकला का? (डोंबिवली)

प्राइमर असो वा नसो, खालचं प्लास्टिक न ओळखता रंग दिला की हेच होतं. तुमच्या नगांत दोन प्रकारची प्लास्टिकं आहेत. पोपडे निघाले ते पॉलिथिन, चिकट राहिलं ते पीव्हीसी.

ओळखायची रीत सोपी आहे. चौकटीचा, म्हणजे स्प्रूचा, छोटा तुकडा कापून साध्या पाण्यात टाका, बुडबुडे चिकटू नयेत म्हणून एक थेंब भांड्याचं लिक्विड घाला आणि ढवळा. तरंगला तर पॉलिथिन. बुडाला तर १०० मिली पाण्यात १२ ग्रॅम मीठ विरघळवून त्यात टाका. आता वर आला तर पॉलिस्टायरिन (कडक, जोडणीच्या संचांतलं), तरीही तळाशी बसला तर पीव्हीसी. जाळून वास घेण्याची पद्धत काही जण सांगतात, ती वापरू नका. पीव्हीसीचा धूर विषारी असतो.

पॉलिथिनला कुठलाच रंग मनापासून धरत नाही. त्याचा पृष्ठभाग मेणचट असतो, शिवाय साच्यातून नग सुटावा म्हणून लावलेला तेलकट पदार्थ वर राहतो. त्यात भाला वाकतो आणि ऑइल पेंटचा थर वाकत नाही, म्हणून तो तडकतो. पीव्हीसीचा त्रास उलट आहे. ते मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि ऑइल पेंटला सुकूच देत नाही. हा चिकटपणा वर्षभर थांबूनही जात नाही. रंग उतरवा आणि ॲक्रिलिक वापरा.

नव्याने करताना क्रम असा ठेवा. नग चौकटीतच असताना कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे तीन-चार थेंब घालून जुन्या टूथब्रशने घासा, स्वच्छ पाण्याने धुवा आणि रात्रभर वाळू द्या. त्यानंतर अंगठ्याने धरू नका, हाताचं तेल पुन्हा लागतं. नग बाटलीच्या झाकणावर दुहेरी चिकटपट्टीने बसवा आणि झाकण धरून काम करा. साच्याची शिवण नव्या ब्लेडने कापा. पॉलिथिनवर कानस किंवा पॉलिश पेपर चालवला तर तंतू उठतात आणि रंगाखाली केसाळ दिसतात. वाकलेले भाले आणि बंदुका ८०–९० अंश गरम पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवा, चिमट्याने सरळ करा आणि तसेच धरून बर्फाच्या पाण्यात घाला. थंड न करता सोडलं तर ते पुन्हा मूळ बाकात जातात.

यानंतर पांढरा फेविकॉल आणि पाणी समप्रमाणात घेऊन दोन पातळ हात द्या, दोन हातांमध्ये चार तास सोडा. तो प्लास्टिकला चिकटतो म्हणून उपयोगी नाही, तर नगाभोवती लवचिक कातडी तयार करतो आणि रंग त्या कातडीवर बसतो. म्हणून पावलांपासून टोपीपर्यंत कुठेही फट राहता कामा नये, पोपडा फटीतूनच सुरू होतो. वर ॲक्रिलिकचे पातळ थर आणि शेवटी ॲक्रिलिक मॅट वार्निश. वार्निश टाळू नका, कारण फेविकॉल दमट हवेत मऊ पडतो. स्प्रेचं वार्निश जुलै-ऑगस्टमध्ये कोकणपट्टीत मारलं की पांढरट धूसर झाक येते, त्या महिन्यांत ब्रशने लावा.

भाल्यांना मात्र आमचं स्पष्ट मत: प्लास्टिकचा भाला कापून टाका. चिनी भाला तीन-चार मीटर लांब, म्हणजे १/७२ मध्ये ४२ ते ५५ मिलिमीटर. साच्यातला भाला बहुधा आखूड आणि जाड असतो. मुठीतून ०.६ मिलिमीटरचं भोक पाडून ०.५ मिलिमीटरची पोलादी तार घाला आणि फेविक्विकचा थेंब द्या. पॉलिथिनला फेविक्विक नीट चिकटत नाही, इथे पकड भोकाची असते.

प्रश्न: जॉन थॉमसनच्या जुन्या छायाचित्रांवरून रंगवतो. त्यांत जाकिटं फिकट राखाडी आणि किनार काळी दिसते. तसंच रंगवू का? (पुणे)

नका रंगवू. थॉमसनने चीनमध्ये १८६८–७२ च्या सुमारास आणि फेलिचे बेआतोने १८६० मध्ये काढलेली छायाचित्रं ओल्या कलोडियन काचांवरची आहेत. त्या काचांवर फक्त निळ्या बाजूचा प्रकाश उमटतो. निळं कापड त्यामुळे खऱ्यापेक्षा खूप फिकट येतं, तर लाल आणि पिवळं जवळजवळ काळं. फिकट जाकीट आणि काळी किनार दिसली की पहिला अंदाज निळं जाकीट आणि लाल किनार असा करा. चिनी शिपायाच्या अंगावर निळीने रंगवलेलं सुती कापड सर्रास असे, त्यामुळे हा अंदाज बहुतेक वेळा बसतो. काळ्या दिसणाऱ्या निशाणाचा रंग लाल की पिवळा हे मात्र छायाचित्रावरून ठरवता येत नाही, त्यासाठी त्या काळातली रंगीत चित्रं पाहा.

नीळ रंगवताना सगळे नग एका छटेत ठेवू नका. नवं कापड गडद, धुतलेलं फिकट. मूळ निळ्यात पांढरा थोडा-थोडा वाढवत तीन वाट्या करा आणि प्रत्येक रांगेत तिन्ही छटा विखुरून लावा. बॉक्सरांना गणवेश नव्हताच. शेतकऱ्याचे निळे, पांढरे, न रंगवलेले कपडे आणि त्यावर लाल किंवा पिवळं फडकं व कमरपट्टा, एवढंच पुरेसं आहे.

प्रश्न: त्सेंग ग्वोफानच्या श्यांग फौजेची एक पूर्ण पलटण उभी करायची आहे. किती नग आणि कोणत्या हत्यारांचे? (सांगली)

असा प्रश्न फार कमी येतो, म्हणून तपशिलाने देतो. थायफिंग बंडाशी लढलेल्या श्यांग फौजेचा मूळ घटक 'यिंग', ५०५ माणसांचा. त्यात प्रमुखाच्या अंगरक्षकांच्या ६ तुकड्या (७२ माणसं) आणि प्रत्येकी १०८ माणसांचे ४ 'शाव'. प्रत्येक शावमध्ये ८ तुकड्या. साधी तुकडी १२ जणांची: दहा शिपाई, एक नायक आणि एक आचारी. जेजाल्यांची, म्हणजे दोघांनी वाहून नेण्याच्या लांब जड बंदुकांची तुकडी १४ जणांची.

शावच्या आठ तुकड्यांत पहिली आणि पाचवी जेजाल्यांची, तिसरी आणि सातवी हलक्या बंदुकांची, उरलेल्या चार तलवार-भाल्यांच्या. अंगरक्षकांत दोन तुकड्या लहान तोफांच्या, तीन तलवार-भाल्यांच्या, एक बंदुकांची. प्रत्येक तुकडीला एक नग धरला तर हिशेब होतो: जेजाले ८, तलवार-भाले १९, बंदुका ९, लहान तोफा २, एकूण ३८, वर घोड्यावरचा प्रमुख एक. जेजाल्याला मात्र एक नग पुरत नाही. पुढचा खांद्यावर नळी घेणारा आणि मागचा बत्ती देणारा असे दोघे हवेत, तेव्हा प्रत्यक्षात लागतील ४६ आणि प्रमुख.

निम्मे शिपाई तलवार-भाल्यांचे आहेत हे लक्षात ठेवा. संचांत बंदूकवाले जास्त येतात आणि पलटण आपोआप तीस वर्षं नवी दिसू लागते. उरलेल्या बंदूकवाल्यांचे हात कापून तारेचे भाले द्या. जेजाल्यासाठी १/७२ मध्ये ३० ते ३५ मिलिमीटरची नळी धरा, ताठ तारेवर पातळ कागद गुंडाळून दस्त्याकडे जाड करत आणा.

प्रश्न: काही नगांना वेणी नाही आणि टोप्या कमी पडतात. घरी करता येईल का? (कोल्हापूर)

वेणी तर हवीच. पुढचं डोकं भादरून मागे वेणी ठेवण्याचा हुकूम चिंग दरबाराने १६४५ मध्ये काढला, आणि ती न ठेवणं हे बंडखोराचं लक्षण मानलं जाई. थायफिंग बंडखोर केस वाढवत, त्यांना तुम्ही वेणी लावू नका.

एम-सील समान भाग मळा, ओल्या काचेवर बोटाने ०.८ मिलिमीटर जाडीचा दोरा वळा आणि १/७२ साठी ९ ते १० मिलिमीटर तुकडा कापा. पाच-दहा मिनिटांनी थोडा ताठ झाला की ब्लेडच्या पाठीने तिरके छेद द्या, वेणीचा पीळ दिसतो. ती पाठीला पूर्ण टेकलेली ठेवा, हवेत लोंबती ठेवली तर पहिल्याच हाताळणीत तुटते. पुष्कळ शिपाई लढताना वेणी डोक्याभोवती गुंडाळून वर फडकं बांधत, तेव्हा फडक्याच्या नगांची वेणी सोडून दिली तरी चूक नाही.

शंकूची टोपी जाडसर कागदाची करा. १/७२ साठी ६ मिलिमीटर व्यासाची चकती कापा, ६० अंशांची पाचर काढा आणि कडा जुळवून चिकटवा. ५ मिलिमीटर रुंद आणि साधारण १.७ मिलिमीटर उंच टोपी मिळते. १/३२ साठी चकती १३.५ मिलिमीटरची, पाचर तीच. फेविक्विक कागदात मुरू द्या, टोपी कडक होते. अंमलदाराची टोपी असेल तर वर झुपक्याचा लाल रंग आणि टोकाला मणी. मण्याचा रंग दर्जा सांगतो: पहिल्या दर्जाला माणकाचा लाल, दुसऱ्याला पोवळ्याचा, तिसऱ्याला नीलमण्याचा पारदर्शक निळा, चौथ्याला अपारदर्शक निळा, पाचव्याला स्फटिक, सहाव्याला दुधी पांढरा, त्याखाली सोनेरी. एका पलटणीत दोन माणिकवाले ठेवू नका.

प्रश्न: वाघासारख्या पट्ट्यांचा पोशाख घातलेला शिपाई खरा होता की खेळणीवाल्याची कल्पना? (मडगाव)

खरा होता. हे वेताच्या ढालीचे शिपाई. पिवळ्या कापडावर काळे पट्टे, कान असलेली टोपी आणि गोल फुगीर ढालीवर वाघाचा चेहरा. १७९३ च्या मॅकार्टनी शिष्टमंडळाबरोबर गेलेल्या विल्यम अलेक्झांडरने त्यांची चित्रं काढली आहेत. हातात तलवार द्या, बंदूक नको. १/७२ मध्ये ढाल हवी असेल तर पितळी ड्रॉइंग पिनचं फुगीर डोकं जवळजवळ तयार मापाचं मिळतं. अणी कापा आणि वाघाचे डोळे रंगवा. पलटणीत पाच-सहा पुरेत.

प्रश्न: आठ निशाणांचे रंग नेमके कोणते? आणि ड्रॅगनचा झेंडा कधीपासून? (ठाणे)

पिवळं, पांढरं, लाल, निळं अशी चार साधी आणि याच चार रंगांची किनारीची चार. पिवळ्या, पांढऱ्या आणि निळ्याला लाल किनार, लालला पांढरी. पिवळ्यावरच्या निळ्या ड्रॅगनचा राष्ट्रध्वज १८६२ मध्ये आला तो त्रिकोणी. १८८९ मध्ये तो चौकोनी झाला. १८९४ च्या जपानविरुद्धच्या युद्धात चौकोनी चालेल, १८८४ च्या फ्रान्सविरुद्धच्या मांडणीत नाही.

प्रश्न: समोरच्या बाजूला भारतीय सैनिक ठेवायचे आहेत. कोणते? (मुंबई)

१९०० साठी सातवी राजपूत, चोविसावी पंजाब, पहिली शीख आणि पहिले बंगाल लान्सर. १४ ऑगस्ट १९०० ला बीजिंगच्या तटाखालच्या पाण्याच्या दरवाजातून वेढा पडलेल्या परकीय वकिलातींत आधी शिरले ते भारतीय तुकड्यांचेच शिपाई. त्या काळच्या खाकी पोशाखातले शीख किंवा राजपूत नग चालतात, फक्त दुसऱ्या महायुद्धाचे सामानपट्टे कापून टाका. १८३९–४२ साठी मद्रास नेटिव्ह इन्फंट्री घ्या. मे १८४१ मध्ये कँटनजवळ सदतिसाव्या मद्रास पलटणीची एक कंपनी पावसात सापडली, गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या त्यांच्या बंदुका भिजून निकामी झाल्या आणि शिपायांना संगिनींवर लढावं लागलं. लहान मांडणीसाठी उत्तम प्रसंग आहे, आणि त्यात दोन्हीकडच्या बंदुका झाडताना दाखवायची गरज नाही.

मुंबईकरांसाठी आणखी एक. पहिलं अफूचं युद्ध संपवणारा २९ ऑगस्ट १८४२ चा नानकिंगचा तह ज्या 'कॉर्नवॉलिस' जहाजावर झाला, ते ७४ तोफांचं जहाज १८१३ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेलं होतं.

प्रश्न: दोन कंपन्यांचे १/७२ नग एकत्र ठेवले तर एक बुटका दिसतो. (सोलापूर)

टोपीपर्यंत मोजू नका, तळव्यापासून डोळ्यांपर्यंत मोजा. १६५ सेंटिमीटरचा माणूस डोक्याच्या माथ्यापर्यंत १/७२ मध्ये २३ मिलिमीटर येतो, १/७६ मध्ये पावणेबावीस. हा फरक तळाखाली पुठ्ठा घालून लपतो. डोकी आणि बंदुका जाड-बारीक असतील तर लपत नाही, ते नग वेगळ्या पलटणीत द्या.

प्रश्न: कपाटात ठेवलेले जुने नग हात लावताच तुटतात. शेजारच्या डब्यातले कडक प्लास्टिकचे घोडे मऊ पडून एकमेकांना चिकटले. डब्यांत डांबराच्या गोळ्या होत्या. (रत्नागिरी)

घोडे गोळ्यांनी बिघडवले. डांबराच्या गोळ्यांची वाफ पॉलिस्टायरिनला मऊ करते, पॅराडायक्लोरोबेंझिनच्या गोळ्या तर आणखी वाईट. गोळ्या आजच काढा. कीड-बुरशीसाठी घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या वापरा, पावसाळ्यात दर महिन्याला पुड्या गरम करून सुकवा. पीव्हीसीचे नग पॉलिस्टायरिनच्या नगांना टेकवूनही ठेवू नका, मऊ प्लास्टिकमधलं द्रव्य कडक प्लास्टिकला विरघळवतं.

तुटणारे नग पॉलिथिनचे असणार. ऊन आणि वय यांनी पॉलिथिनच्या साखळ्या तुटतात आणि ते परत लवचिक होत नाही. उकळत्या पाण्यात टाकून ते सुधारतं असं सांगतात, त्याने उलट पायच निखळतात. उरलेल्यांवर वर सांगितल्याप्रमाणे फेविकॉलचे दोन-तीन हात द्या, जाड तळावर चिकटवा आणि यापुढे नग न धरता तळ धरा. बंदुका तुटल्या असतील तर तारेच्या करा. खिडकीसमोरचं काचेचं कपाट बदलून आतल्या भिंतीला न्या. नगांखाली स्पंज घालू नका, काही वर्षांत तो कुजून चिकट होतो आणि रंगासकट उचलला जातो. पांढरा टिश्यू कागद पुरतो.